गास, फाइव्ह नाईन

वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, घरच्यांनी बघता बघता फस्त केली, आणि आता जो येतो तो विचारतो, वसई कशी आहे. मी सांगते, हिरवी आहे, ओली आहे, माणसं प्रेमळ आहेत. यातलं काही खोटं नाही. पण एवढंच सांगून उठले की अर्धंच सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून सगळं लिहूनच काढते. ज्यांनी वसई पाहिली नाही त्यांना वसई थोडी कळेल, आणि ज्यांना मी फार हुशार वाटते त्यांना मीही कळेन.

मी सोलापूरची. शाळेत शास्त्र शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून हौशी रेडिओ चालवते. म्हणजे गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, घरात स्वतःचा वायरलेस सेट ठेवायचा आणि आपल्यासारख्याच वेड्या लोकांशी हवेतून बोलायचं, असा हा छंद आहे. त्याला टॉवर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एरवी घरचे आम्हाला हसतात, पण पूर आला, वादळ आलं आणि फोन मुके झाले की आमची आठवण होते.

आमच्यात एक रीत आहे, ती आधीच सांगायला हवी. समोरचा कसा ऐकू येतो ते त्याला दोन आकड्यांत सांगायचं. पहिला आकडा बोलणं किती कळतं त्याचा, जास्तीत जास्त पाच. दुसरा आवाज किती जोरकस आहे त्याचा, जास्तीत जास्त नऊ. 'फाइव्ह नाईन' म्हणजे शब्द न् शब्द कळतोय, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखा. आता गंमत अशी की स्पर्धांमध्ये घाईघाईत सगळेच सगळ्यांना फाइव्ह नाईन देतात. 'तुम्ही फाइव्ह नाईन आहात, कृपया तुमचं नाव पुन्हा सांगा, कळलं नाही,' असंही आमचे लोक एका दमात बोलतात आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

गोखिवरे

दिलीप तांबे आणि मी एकमेकांना कित्येक वर्षं नुसत्या आवाजाने ओळखत होतो. आवाज असा दणदणीत की मी मनात एक गलेलठ्ठ, मिशाळ माणूस बसवला होता. वसई स्टेशनात मला घ्यायला आला तो काडीसारखा, चष्मेवाला गृहस्थ. त्यालाही मी उंच वाटले होते म्हणे. दोघांनीही आपापली निराशा लपवली आणि रिक्षा केली.

दिलीप मूळचा चिपळूणकडचा. मुंबईत नोकरी, गोखिवऱ्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट. त्याने आणि त्याच्या मित्रांनी वसई-विरारमध्ये एक छोटा गट बांधला आहे. दर पावसाळ्यात ते आणीबाणीची रंगीत तालीम करतात. लाईट गेली, मोबाईल गेले असं धरून चालायचं आणि नुसत्या सेटवर निरोप पोचवून बघायचे. यंदा त्याने मला बोलावलं, कारण मी अनुभवी. हा शब्द त्याचा. मी नको नको म्हणत तो स्वीकारला होता.

येताना मी तांब्याच्या नळीची घरी बनवलेली अँटेना आणली होती, जुन्या लुगड्यात गुंडाळून. गाडीतल्या एका बाईंना ती पडद्याची दांडी वाटली आणि त्यांनी मला पडदे कुठे स्वस्त मिळतात ते पुण्यापर्यंत समजावून सांगितलं. ती अँटेना गच्चीवर चढवली, खाली दिलीपच्या बैठकीत मोठा सेट मांडला, आणि आमचं मुख्य केंद्र तयार झालं. दिलीपची बायको रेखा म्हणाली की सोफ्यावर बसायची सोय आता ऑगस्टनंतर.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या सोलापुरात 'पाणी आलं का?' हा प्रश्न आशेने विचारतात. नळाला कधी चार दिवसांनी येतं, कधी पाच. इथे रेखाच्या फोनवर सोसायटीतल्या बायका तोच प्रश्न विचारत होत्या, पण भीतीने. वसईत पाऊस कितीही पडो, खाडीला भरती असली की ते पाणी जागचं हलत नाही. समुद्राने वाट दिली तर ओसरणार. आम्ही आभाळाकडे बघतो, हे लोक आभाळाकडेही बघतात आणि भरतीच्या वेळाही बघतात.

चिंचोटी

दुसऱ्या दिवशी सेट कुठवर पोचतो ते तपासायचं होतं. रेखाने स्कूटर काढली, मी मागे बसले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत छोटा सेट. चिंचोटीच्या फाट्यावर पोलिसांनी आम्हाला अडवलं. धबधब्यावर जायला बंदी होती आणि मुंबईहून आलेली पोरं हिरमुसून परत फिरत होती. आम्ही धबधब्याला आलो नाही, वायरलेस तपासायला आलोय, असं मी सांगितल्यावर तर ते जास्तच संशयाने बघायला लागले. शेवटी परवाना दाखवला, तेव्हा सुटका झाली.

भज्यांच्या टपरीच्या आडोशाला उभी राहून मी दिलीपला हाक दिली. तो गोखिवऱ्याहून बोलत होता, मध्ये डोंगराची सोंड. आवाज अगदी दबका येत होता. मी लगेच म्हटलं, 'थ्री बाय टू. गोधडीत तोंड घालून बोलताय का?' गटातले जे ऐकत होते ते सगळे हसले. दिलीपही हसला, त्याने अँटेनाची दिशा बदलली आणि आवाज सुधारला. संध्याकाळपर्यंत हा किस्सा त्यानेच सगळ्यांना सांगितला होता. मला बरं वाटलं. आपण किती रोखठोक आहोत, असं वाटलं.

गास

गास नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला. स्टेशनच्या बाजूच्या इमारतींची दाटी संपते आणि एकदम शेतं लागतात. केळी, भाजीचे वाफे, मोगरा, आणि पलीकडे भातखाचरांत पाणी. खाडीच्या कडेने बांध गेलेला. सोलापूरच्या माणसाला एवढं हिरवं बघून पहिल्यांदा डोळे निवतात आणि मग एवढ्या पाण्यात माणसं राहतात कशी, याची काळजी वाटते.

तिथे ज्योती म्हात्रे राहते. तिशीच्या आतबाहेरची, अंगाने बारीक, बोलायला मोकळी. नवरा हेमंत मुंबईला कंपनीत कामाला. घरात सासूबाई. त्यांची फुप्फुसं निकामी होत आलेली, त्यामुळे त्या हवेतून प्राणवायू ओढणाऱ्या मशीनवर असतात. नाकाला नळी, पलंगाशेजारी घरघर करणारी पेटी. मशीन विजेवर चालतं. वीज गेली तर एक छोटा सिलिंडर आहे, तो काही तास पुरतो. आदल्या पावसाळ्यात पाणी चढलं, वीज गेली, फोनही गेले, आणि ज्योती गुडघाभर पाण्यातून मदत शोधत फिरली होती. त्यानंतर ती दिलीपला भेटली, अभ्यास केला, परीक्षा दिली. परवाना हातात येऊन महिनाही झाला नव्हता.

'आमच्याकडं पानी आलं का लाईट पयली जाते,' ती म्हणाली. 'मग फोन. मग कोन कुनाला सांगनार? म्हनून हे शिकले.' असं म्हणत तिने हातातला सेट पदराने पुसला.

बेत साधा होता. पाणी चढलं की ज्योतीने सेटवरून गोखिवऱ्याला कळवायचं. तिथे फोन चालू असतात. दिलीपने एका ट्रॅक्टरवाल्याशी आणि सिलिंडरवाल्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. निरोप पोचला की तास-दीड तासात मदत गासला येणार होती.

आषाढ सरत आला होता, श्रावणाआधीचे खाण्याचे दिवस. ज्योतीने चिंबोऱ्यांचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी केल्या. मी आयुष्यात खेकडा फोडलेला नाही. नांगी दाताखाली धरली ती निसटून थेट सासूबाईंच्या पलंगावर गेली. त्या नळी सांभाळत हसल्या, हसता हसता धाप लागली, तरी हसत राहिल्या. 'खा गो बाय,' त्या म्हणाल्या, 'चिंबोरी खाताना लाजायचं नाय.' मग ज्योतीने माझ्या ताटातली एकेक नांगी फोडून दिली, लहान मुलाला द्यावी तशी. मी त्यांना शेंगाचटणी दिली, त्यांनी मला सुकेळी दिली. निघताना वाटलं, या घराशी आपली फार जुनी ओळख आहे.

पुन्हा गोखिवरे

तालमीचा दिवस कोरडा उजाडला. गोखिवरे आणि गास यांच्या मध्ये नालासोपाऱ्याच्या इमारतींचं जंगल आहे. धोका नको म्हणून दिलीपने मध्ये एक माणूस ठेवला होता, विनायकराव. बँकेतून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी त्रस्त, नालासोपारा पूर्वेला पाचव्या मजल्यावर राहणारे, पण लिफ्ट चौथ्यापर्यंतच. त्यांनी गच्चीवर चढून बसायचं, गासचा निरोप ऐकायचा आणि जसाच्या तसा आम्हाला द्यायचा, असं ठरलं होतं. त्यांच्याशिवाय चालतं का, ते मला बघायचं होतं.

दिलीप वर गच्चीत अँटेना आवळत होता. कानाला हेडफोन मी लावलेले. मी गासला हाक दिली.

उत्तर आलं. खरखर, मग 'गास', खरखर, 'ज्योती', पुन्हा खरखर, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा एक सूर. बाकी काही नाही. पण ती काय विचारत असणार ते मला माहीत होतं. परवाना मिळाल्यावरचा तिचा हा पहिलाच खरा संपर्क होता, सगळा गट ऐकत होता, आणि मला तिचा तो पदराने सेट पुसणारा हात दिसत होता. शाळेत काठावरच्या पोरांना दोन मार्क वाढवून देते, त्याच सवयीने मी बोलून गेले.

'गास, फाइव्ह नाईन. फार सुंदर आवाज आहे तुझा. अभिनंदन.'

आमचा सेट ताकदीचा, अँटेना सातव्या मजल्याच्या वर. माझं बोलणं तिला स्वच्छ ऐकू गेलं असणार. तिकडून पुन्हा खरखर आली, आनंदाची असावी. दिलीप खाली आला आणि त्याने विचारलं, मग विनायकरावांची गरज आहे का? त्यांचे गुडघे, तो जिना, पावसात गच्ची. 'फाइव्ह नाईन आहे ना, तर उगाच कशाला त्यांना त्रास,' तो म्हणाला. मी म्हणाले, हो, कशाला. एका वाक्यात दोन माणसांना खूश केलं, असं तेव्हा मला वाटलं होतं.

पाण्याचा दिवस

दोनच दिवसांनी पहाटेपासून पाऊस लागला, आणि दुपारी मोठी भरती होती. दिलीप कामावर गेला नाही. रेखाने खिडकीतून खाली बघून सांगितलं की रस्त्यावरच्या स्कूटरींच्या सीट तेवढ्या दिसताहेत. नालासोपारा पश्चिमेकडचे फोन लागेनात. आम्ही सेटपाशी बसून होतो. गासहून काही येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं दिलीप दोनदा म्हणाला.

मग स्पीकरवर खरखर झाली. थांबली. पुन्हा झाली.

दिलीपने विचारलं, कोण आहे, पुन्हा सांगा. पुन्हा तीच खरखर. तो माझ्याकडे वळून म्हणाला, 'गास नाय हां हे. गास तो फाइव्ह नाईन है. कुणीतरी लांबचा असेल, किंवा नुसता डिस्टर्बन्स.' आणि तो दुसऱ्या स्टेशनला हाका द्यायला लागला.

मला तत्क्षणी कळलं होतं. तोच तुटका सूर, तीच शेवटची उंचावणारी टोकं. तोंड उघडायचं आणि सांगायचं, दिलीप, परवाही असंच येत होतं. एवढं एक वाक्य. रेखा चहा घेऊन आली, मी कप हातात घेतला, आणि त्या चहावर साय धरेपर्यंत मी ते वाक्य बोलले नाही. कशासाठी? अनुभवी म्हणून बोलावलेल्या बाईची फजिती होऊ नये म्हणून. दुसरं कारण नाही.

खरखर पुन्हा आली तेव्हा मी बोलले, पण खरं नाही. मी म्हणाले, 'गासच असेल. तिची बॅटरी उतरली असेल.'

दिलीप ताडकन उठला. त्याने गासला सांगितलं, 'ज्योती, तुमची बॅटरी लो आहे. सेट बंद ठेवा, बॅटरी वाचवा, आम्ही मध्ये माणूस लावतो.' आणि विनायकरावांना फोन केला. ते बिचारे त्या पावसात, गुडघे धरत, गच्चीवर गेले. गासला हाका देत राहिले. गासहून उत्तर नाही. परत हाका, परत काही नाही. मी मनात त्या सिलिंडरचा काटा खाली खाली जाताना बघत होते.

बऱ्याच वेळाने विनायकरावांना ज्योती मिळाली. आमच्यात मधल्या माणसाचा एक नियम असतो. निरोप द्यायचा तो बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आपल्या पदरचं काही न घालता, 'मी' म्हटलं तर 'मी' म्हणून. त्यामुळे सत्तरीच्या विनायकरावांच्या संथ, बँकेतल्या आवाजात आम्ही ऐकलं: 'माझी सासू निळी पडत चाललीय. सिलिंडर संपत आलाय. घरात पानी मांडीपर्यंत हाय. लवकर या.' ते 'पानी' त्यांनी 'पानी' असंच सांगितलं.

ट्रॅक्टर निघाला. तो पोचायच्या आधी सिलिंडर संपला होता.

नालासोपारा

पाणी ओसरल्यावर संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. सासूबाई वाचल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, धोका टळला आहे, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. काचेतून त्या दिसल्या, नळीच्या जागी तोंडावर मोठा मास्क. आत सोडल्यावर मी पायापाशी उभी राहिले. त्यांनी डोळे उघडून मला ओळखलं आणि हात थोडा उचलला.

बाहेर बाकावर ज्योती बसली होती, ओल्या साडीतच. हेमंत मुंबईहून कसाबसा येऊन पोचला होता, आणि भीती उतरल्यावर माणसाला राग येतो तसा त्याला आला होता. त्याची बहीण विरारला उंचावर राहते. पावसाचा इशारा आल्यावर ती आदल्या दिवशीच आईला न्यायला आली होती. ज्योतीने पाठवलं नव्हतं. रेडिओ चालतोय, सोलापूरच्या ताईंनी फाइव्ह नाईन दिलाय, असं तिला सांगून परत लावलं होतं.

'आनि बॅटरी चार्ज करायला काय झालं होतं?' हेमंत म्हणाला. 'दिवसभर ते खेळनं घेऊन बसायचं, आनि टायमाला बंद.'

ज्योती त्याच्याशी बोलली नाही. ती माझ्याकडे बघून बोलली. 'ताई, सेटवर फुल दाखवत होतं. पन तुम्ही बोललात लो हाय, म्हनून मी बंद करून ठेवला. मधी मधी चालू करून बघत होते. माझंच बोलायचं बटन दाबायला चुकलं असेल. तुमच्या टेस्टला तर बरोबर गेलेलं.'

सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर देण्यासाठी याहून चांगली जागा आणि वेळ मला कुणी देऊ शकलं नसतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, होतं असं, तू नवीन आहेस.

रिक्षात बसल्यावर मला माझीच शिसारी आली. घरी रेखाने वरण-भात वाढला, तो तसाच राहिला. स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय, हे मी वर्गात पोरांना पुष्कळदा सुनावलं आहे. मला स्वतःला ते पन्नाशी उलटल्यावर, वसईत कळलं.

निघायच्या दिवशी

सकाळी दिलीपला सगळं सांगितलं. फाइव्ह नाईनचं ऐकून तो पहिल्यांदा हसला. 'अहो ताई, ते तर सगळेच देतात. त्यात काय एवढं टेन्शन?' तो माझी समजूत काढत होता, आणि त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं. मग बॅटरीचं सांगितलं. तो हसायचा थांबला. चष्मा काढून पुसत बसला आणि म्हणाला, 'ज्योतीला सांगायला लागेल.'

मी म्हणाले, गासला जाऊन सांगते. पण लगेच वाटलं, घरात बसून चार भिंतींत सांगणं हीसुद्धा एक पळवाटच. खोटं बोलले ते सगळ्या गटासमोर. बॅटरीवरून तिला दोष लागला तो सगळ्या गटात. रोज सकाळी गटाची हवेवर हजेरी असते, प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाहून हाक द्यायची. मी दिलीपला म्हणाले, आज हजेरी मी घेते. विनायकरावांना गच्चीवर बसवलं. ज्योती दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली होती, तिलाही सेट चालू ठेवायला कळवलं.

एकेक जण आला. प्रत्येकाला मी खरा आकडा दिला, कमी तर कमी. मग गासला हाक दिली. खरखर आली.

'ज्योती,' मी म्हणाले, 'मला तुझं काहीच कळत नाही. तालमीच्या दिवशीही कळलं नव्हतं. मी तुला खोटा रिपोर्ट दिला. पाण्याच्या दिवशी तुझी बॅटरी उतरलेली नव्हती, तेही मीच खोटं बोलले. तू बटण बरोबर दाबत होतीस. हेमंतला हे ऐकव. चूक सगळी माझी आहे.'

बटण सोडलं. मग गासहून खरखर सुरू झाली आणि बराच वेळ चालली. थांबत, पुन्हा सुरू होत. ती रडत होती की चिडली होती की दोन्ही, मला काही कळायला मार्ग नव्हता. खरखर संपली. मी विनायकरावांना निरोप द्यायला सांगितलं.

ते नियमाप्रमाणे, आपल्या पदरचं काही न घालता, त्यांच्या संथ आवाजात बोलले.

'गासचा निरोप. चिंचोटीवरनं तुम्ही दिलीपभाऊंना थ्री बाय टू दिलात, सगळ्यांसमोर. मला का नाय? मी वाईट वाटून घेतलं असतं, घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी नंदेबरोबर आईला पाठवलं असतं. माझी सासू आत मशीनवर होती, ताई, आनि तुम्ही माझं मन राखलंत. निरोप संपला.' आणि मग, नियमातलाच शेवटचा प्रश्न त्यांनी विचारला, 'गोखिवरे, पूर्ण मिळालं का?'

दिलीप भिंतीकडे बघत होता. मी बटण दाबलं.

'मिळालं,' मी म्हणाले. 'शब्द न् शब्द.'